वल्लरी पाणी का पीत नव्हती

"आई गं!" अशी हाक आली आणि रत्नप्रभाबाई कणकेच्या हातानंच आतल्या खोलीकडे धावल्या. सकाळचे पावणेसहा वाजले होते. वल्लरी पलंगावर डावा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून वळवळत होती. पोटरीत गोळा आला होता. हात लावला तर दगडासारखा कडक लागत होता.

"पाय सोड, मी चोळते," म्हणत रत्नप्रभाबाई जोरजोरात पोटरी रगडू लागल्या. पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पाच मिनिटांनी गोळा उतरला. पण पाय टेकवला की कळ मस्तकात जात होती.

बाहेर प्रभाकर शेंडे वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "आज परत? शाळेत टेस्ट आहे वाटतं!"

हा प्रकार तीन आठवडे चालला होता. २००७ सालचा एप्रिल. जयपूरचं ऊन आत्ताच अंग भाजून काढू लागलं होतं. प्रभाकर शेंडे मूळचे वाईचे, विमा कंपनीत अधिकारी. पाच वर्षांपूर्वी बदली होऊन ते जयपूरला आले आणि दुर्गापुऱ्यात भाड्यानं राहू लागले. पंधरा वर्षांची वल्लरी ही एकुलती एक मुलगी, नुकतीच दहावीत गेलेली. तिच्या पायांत गोळे येऊ लागल्यापासून सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारच्या बाईंनी रोज केळं द्यायला सांगितलं. वाईहून आत्याने फोनवर तेल सांगितलं. रत्नप्रभाबाईंनी आपल्याच मनानं कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या.

प्रभाकररावांचं मत मात्र ठाम होतं. "वाढीचं वय आहे, होतं असं. त्यात दिवसभर बसून राहायचं, शाळेत जायलाही रिक्षा! उद्यापासून रिक्षा बंद. सायकलनं जा. पाय मोकळे होतील."

"बाबा, मला खरंच दुखतं आहे," वल्लरी म्हणाली. तिचं मराठी जयपूरला आल्यापासून थोडं हिंदीच्या वळणावर गेलं होतं. "मतलब, नाटक नाही करत मी."

"मी कुठे म्हटलं नाटक?" ते म्हणाले. पण त्यांच्या आवाजात तेच होतं, आणि तिला ते कळलं.

सायकलनं जायला लागल्यापासून आठव्या दिवशी, दुपारी सव्वा वाजता, शाळेतून परतताना टोंक रोडवर तिच्या पोटरीत गोळा आला. पाय पेडलवरच आखडला. खाली टेकवता येईना, ब्रेकही नीट लागला नाही. सायकल तिरकी झाली आणि ती दुभाजकावर उजव्या हातावर आपटली. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं वेळेवर गाडी वळवली म्हणून ती वाचली.

उजव्या कोपराचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत तार घातली. हाडांच्या डॉक्टरांनी प्रभाकररावांना बाजूला घेऊन सांगितलं, "हाड जुळेल. पण हा हात पूर्ण सरळ होईल याची खात्री मी देत नाही."

तिसऱ्या दिवशी मुलांच्या डॉक्टर सुधा माथुर तपासायला आल्या. केस पांढरे, चालणं सावकाश. त्या नागपूरला शिकलेल्या, त्यामुळे मराठीत बोलल्या. "पडलीस कशी, बेटा?"

"पायात गोळा आला."

"आधीपण येत होते?"

"रोज."

"दिवसभरात पाणी किती पितेस?"

वल्लरीनं वडिलांकडे पाहिलं. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. "शेंडेसाहेब, जरा बाहेर थांबता?"

प्रभाकरराव पडद्याबाहेर जाऊन उभे राहिले. पडदा पातळ होता. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"मी सकाळी उठल्यापासून पाणी पीत नाही," वल्लरी हळूच सांगू लागली. "शाळेतून घरी येईपर्यंत नाही. म्हणजे टॉयलेटला जावं लागत नाही."

"का गं?"

"आमच्या मजल्यावर मुलींचं टॉयलेट आहे, पण त्याला कुलूप असतं. किल्ली उपप्राचार्य सरांच्या खुर्चीमागे टांगलेली असते. मागायला गेलं की सर सगळ्यांसमोर विचारतात, 'अभी तो इंटरवल हुआ था, अब क्यों?' मुलं हसतात. एकदा मी मागितली, मग नाही मागितली. आमच्या क्लासमधल्या सगळ्याच मुली असं करतात. दोघी तर दूधपण पीत नाहीत सकाळी."

"आईला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. आई म्हणाली, थोडं सहन करायचं, आम्हीपण केलं आहे."

पडद्याबाहेर रत्नप्रभाबाईही येऊन उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. प्रभाकररावांना त्यांच्याकडे बघवेना.

तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी दोघांना आपल्या खोलीत बसवलं. लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग निघाला होता. मुलीनं लघवीला होणारी जळजळही कुणाला सांगितली नव्हती.

"या वयात हाडं-स्नायू झपाट्यानं वाढतात, त्यामुळे गोळे येतात कधीकधी. काही वेळा कारण सापडतही नाही," डॉक्टर सांगत होत्या. "पण चाळीस डिग्रीच्या उन्हात सायकल चालवायची, घामातून मीठ-पाणी जाणार, आणि सात-आठ तास पोटात पाण्याचा थेंब नाही! मग पायांनी काय करावं?"

"मी रोज चोळत होते हो," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"इतक्या जोरात रगडायचं नाही. गोळा आला की गुडघा सरळ ठेवायचा आणि पायाची बोटं हळूहळू नडगीकडे ओढायची. पोटरी ताणली जाते, गोळा सुटतो. मग हलक्या हातानं चोळा, गरम पाण्याचा शेक द्या. दिवसभर थोडं थोडं पाणी, उन्हातून आल्यावर मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. जेवणात दही, भाजी, फळ. झोपण्याआधी पाय ताणण्याचा व्यायाम. एवढं करूनही गोळे थांबले नाहीत, पाय सुजला किंवा पायात जोर राहिला नाही, तर घरी औषधं करत बसू नका, घेऊन या." मग प्रभाकररावांकडे वळून त्या म्हणाल्या, "पण साहेब, हे सगळं मी लिहून दिलं तरी ती पाणी पिणार नाही. कारण तिला किल्ली मागावी लागणार आहे. ते औषध माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे."

दुसऱ्याच दिवशी प्रभाकरराव शाळेत जाऊन धडकले. उपप्राचार्यांनी चहा मागवला. "शेंडेजी, मुली आत घाण करतात. नळ तोडतात. सफाईवाला मिळत नाही. कुलूप नाही लावलं तर काय करायचं? आणि इतकी वर्षं कोणाचीच तक्रार नाही!"

"तक्रार नाही?" प्रभाकरराव ओरडले. "माझी मुलगी हॉस्पिटलमध्ये पडली आहे!"

"ती सायकलवरून पडली, असं ऐकलं मी," उपप्राचार्य शांतपणे म्हणाले.

प्रभाकरराव चहा न घेता उठले. तडक सोडाला भागातल्या आपल्या ऑफिसात आले आणि शिक्षण खात्याला एक जळजळीत पत्र लिहून काढलं. 'मुलींच्या मूलभूत गरजेवर कुलूप लावणाऱ्या संवेदनाशून्य व्यवस्थापनावर कारवाई व्हावी,' असं त्यात होतं. कागद त्यांनी टायपिंगसाठी यमुनाजींकडे दिला.

यमुनाजी पन्नाशीच्या होत्या. अकरा वर्षं या ऑफिसात कधी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. त्यांनी पत्र टाइप केलं, छापून आणलं आणि टेबलावर ठेवून तिथंच उभ्या राहिल्या.

"काय झालं?" प्रभाकररावांनी विचारलं.

"सर, एक बात कहूँ? बुरा तो नहीं मानेंगे?"

"बोला."

त्या हिंदीतच सांगत राहिल्या, एकेक वाक्य जपून. "पत्र खूप चांगलं आहे, सर. पण आपल्या मजल्यावरच्या लेडीज टॉयलेटमध्ये दीड वर्षापासून जुन्या फायली भरल्या आहेत. त्यालाही कुलूप आहे. ऑर्डरवर तुमची सही आहे."

प्रभाकररावांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"आम्ही तिघीजणी आहोत. समोरच्या नर्सिंग होममध्ये जातो. तिथला गार्ड आता ओळखतो आम्हाला. तोही विचारतो, आज परत? म्हणून मी ऑफिसात पाणीच पीत नाही. रात्री माझेही पाय आखडतात, सर. मला वाटायचं, वय झालं."

"तुम्ही मला का नाही सांगितलं?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

खाली पाहत यमुनाजी आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

प्रभाकररावांनी कपाट उघडून ती ऑर्डर शोधली. सही त्यांचीच होती. सहीच्या वर कारण दिलं होतं: 'वापर नगण्य.' तीन बायका, म्हणून नगण्य! त्या तिघींपैकी एकीलाही विचारावं असं तेव्हा त्यांच्या मनात आलं नव्हतं. आपण उपप्राचार्यांवर ओरडून आलो! त्यांच्यात आणि आपल्यात फरक तो काय?

मग त्यांनी शिपायाकडून किल्ली घेतली आणि स्वतः कुलूप काढलं. आत छतापर्यंत फायली होत्या, वर धुळीचा थर, कोपऱ्यात मेलेली पाल. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि एकेक गठ्ठा उचलून बाहेर आणायला सुरुवात केली. सगळं ऑफिस बघत राहिलं. "सर, आम्ही करतो," शिपाई म्हणाला. "तूही घे," ते म्हणाले, पण थांबले नाहीत. नळ दुरुस्त व्हायला, आतून कडी लागायला आणखी चार दिवस गेले. पाचव्या दिवशी यमुनाजींच्या टेबलावर पाण्याची बाटली दिसली.

शिक्षण खात्याचं उत्तर कधी आलं नाही. मे-जूनच्या सुट्टीत प्रभाकरराव वल्लरीच्या वर्गातल्या मुलींच्या घरोघरी गेले. काहींनी दारातूनच परत पाठवलं. "असल्या गोष्टी काय बोलायच्या!" असं एका वडिलांनी सुनावलं. जुलैत शाळा उघडल्यावर प्राचार्यांपुढं अठ्ठावीस घरांपैकी नऊ घरांचे लोक उभे राहिले. त्यांच्यापुढं प्रभाकररावांनी स्वतःच्या ऑफिसातलं कुलूपही सांगितलं, सहीसकट. मग रत्नप्रभाबाई उठल्या. "मुलीनं मला सांगितलं होतं. मीच तिला गप्प बसवलं," एवढंच बोलून त्या बसल्या. महिनाभरानं कुलूप निघालं आणि सफाईला एक बाई नेमली गेली.

वल्लरीच्या पायांतले गोळे थांबले. हात मात्र पूर्ण सरळ झाला नाही. लिहिताना दर अर्ध्या तासानं तिला थांबावं लागतं, आणि त्या वर्षी दहावीची परीक्षा तिला देता आली नाही. मैत्रिणी पुढच्या वर्गात गेल्या. एका संध्याकाळी प्रभाकरराव तिच्याजवळ बसून म्हणाले, "माझं चुकलं, बेटा."

"डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तुम्हाला पटलं," वल्लरी म्हणाली. "मी सांगत होते तेव्हा नाही."

आजही प्रभाकरराव रोज तिला विचारतात, "काही दुखतंय का?" ती बहुतेक वेळा "नाही" म्हणते. ते खरं आहे की नाही, हे त्यांना ओळखता येत नाही.

बंधुभगिनींनो, तुमच्या घरातली मुलगी पाय धरून रडली, तर पाय ताणा, शेक द्या, पाणी द्या, गरज पडली तर डॉक्टरकडे न्या. पण आधी तिच्यापाशी बसा आणि ती दिवसभर पाणी का पीत नाही ते विचारा. ती सांगेल ते पहिल्याच वेळी खरं माना. आणि ज्यांच्या हातात शाळेची, ऑफिसची, दुकानाची किल्ली आहे, त्यांनी आपल्याकडच्या बायका-मुली कुठे जातात हे आजच जाऊन पाहावं. कोणी तक्रार केली नाही, म्हणजे कोणाला त्रास नाही असं समजू नका. तक्रार करायचीच लाज वाटावी, अशी वेळ आपणच त्यांच्यावर आणलेली असते!