कुबट वास

“सकाळीच न्हाऊ घातलंय हो, तरी अंगाला कसला तरी कुबट वास येतोय,” मुलीची आई ओशाळून म्हणाली.

सुईवाल्या ताईंचा हात थबकला. अठ्ठावीस वर्षं त्या या दवाखान्यात रक्त काढत होत्या. हा वास मात्र त्याच्याही आधीपासून ओळखीचा. थोरल्या भावाच्या उशीला यायचा.

बोट टोचलं तरी चार वर्षांची चिमुरडी रडली नाही. नुसती मान डोलवत राहिली. गेल्या खेपेला, सात-आठ महिन्यांपूर्वी, हिनेच दवाखाना डोक्यावर घेतला होता.

प्रथिनांमधलं फेनिलअॅलनिन नावाचं एक अमिनो आम्ल तिच्या शरीराला जन्मापासून मोडता येत नव्हतं. ते साचलं की मेंदूचं नुकसान करायचं. म्हणून दूध, अंडी, डाळी बंद. मोजून भात, भाज्या आणि डॉक्टरांनी दिलेली पावडर, एवढंच.

दुपारी आकडा आला. हवा होता त्याच्या चौपट.

“घरात कुणी काही देतं का हिला?” ताईंनी विचारलं.

“छे! मी कामावर गेले की सासूबाई असतात. त्या तर डोळ्यांत तेल घालून जपतात.”

आजी बाहेर बाकावर बसल्या होत्या. ताई शेजारी टेकल्या. “काय देता, आजी?”

“कुठं काय?” मग खालच्या आवाजात, “एक अंडं. रोज. पाप्याचं पितर झालं होतं लेकरू. नुसत्या पावडरीवर कधी अंग धरतं का? सहा महिने झाले. सूनबाईला सांगू नका.”

“माझ्या भावालाही आईने असंच जीव लावून खाऊ घातलं. तेव्हा ही तपासणीच नव्हती, तिला कळणार कसं? आज तो एकसष्ट वर्षांचा आहे. सकाळी घास भरवून आले मी त्याला. माझं नाव येत नाही त्याला.”

आजींचा चेहरा पांढराफटक पडला. “आजपासून बंद. मग होईल ना पहिल्यासारखी?”

“आणखी बिघडणार नाही. गेलेलं किती परत येईल, ते डॉक्टरांनाही नाही सांगता येणार. सूनबाईला तुम्हीच सांगा.”

आजी भिंतीला धरून उठल्या आणि आत गेल्या. सूनबाई मुलीला बूट घालत होती. काचेतून ताईंना आजींचे नुसते ओठ हलताना दिसले. सूनबाईच्या हातातला बूट हातातच राहिला.

मुलगी उघडा पाय पुढे धरून वाट बघत बसली.