पौशीची जागा

लग्नात माझ्या बापाने मला भांडीकुंडी कमी दिली आणि एक कालवड दिली. पौषात जन्मली म्हणून तिचं नाव पौशी. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, आणि स्वभाव थेट माझा: कुणी उगाच शेपटीला हात लावला तर लाथ ठरलेली. घाटंजीच्या पलीकडे चिंचघाट नावाचं माझं सासर. सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात मी तिथे सून म्हणून उतरले तेव्हा दाव्याला पौशी होती, आणि बायका नवरीला सोडून तिच्याकडेच पाहत होत्या.

पाहण्याला कारण होतं. आमच्या घरी जितं ढोर बघायची गावाला सवय नव्हती. गावातलं मेलेलं जनावर ओढून नेणं हेच पिढ्यान्पिढ्या आमच्या लोकांचं काम. कुणाची गाय मेली की पाटलाच्या घरून हाक यायची, आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे उकंडा, खुंटीवरचा जाड दोर घेऊन निघायचे. मेलेल्याच्या मागच्या पायांना दोर बांधायचा आणि गावाबाहेर ओढत न्यायचं. छप्पन साली मामाजी नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले आणि चावडीवर जाऊन बाबाराव पाटलांना तोंडावर सांगून मोकळे झाले, की आजपासून मेलेलं ढोर ओढणार नाही.

दोर नाल्यात फेकायला निघाले होते, तर आत्याबाईंनी अडवलं. आत्याबाई म्हणजे माझी सासू, मथुराबाई. "दोरानं काय केलं तुमचं?" म्हणाल्या. तो त्यांनी उकलला, धुतला, उन्हात टाकला, नव्याने वळला आणि त्याची वासरांना बांधायची दावी केली. तेव्हा घरात वासरू एकही नव्हतं. हे मी ऐकलं तेव्हाच माझं आणि या बाईचं जमणार हे मला कळून चुकलं.

गावाची गुरं सकाळी आखरावर जमत आणि गायकी, म्हणजे गावचा गुराखी, तिथून सगळी हाकत चरायला नेई. मी पौशीला घेऊन आखरावर गेले, तर त्याने काठी आडवी धरली.

"पाटलाचा हुकूम हाये. गावकीचं काम नाई, तं गावकीचं आखर नाई."

मी त्याला काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. घरी परतले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडात शिव्या. आत्याबाई चुलीपुढून उठल्या.

"रडून राह्यली का चिडून राह्यली?"

"दोन्ही."

"मंग चाल. आपलं बरड हाये न."

बरड होतं, पण नावालाच. टेकडीच्या उतारावरचा गोट्यांचा तुकडा तो. कापसाची पऱ्हाटी पेरली तर गुडघ्याला लागून थांबायची. पावसाचं पाणी वरून यायचं आणि जाताना होती नव्हती ती माती नाल्यात घेऊन जायचं. गवत म्हणाल तर नुसती कुसळं, लुगड्याला टोचणारी. मामाजींनी झोपडीचा खांब रोवायला पहार मारली तर ठिणगी उडाली, आणि वीतभर खड्ड्यासाठी सगळी सकाळ गेली. माझे यजमान गोविंदा मुळात कमी बोलणारे, त्या दिवशी तेही म्हणाले, "इथे ढोर खाईन काय, गोटे?"

नाल्यापलीकडे तांडा होता. तांड्यातल्या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले. आता ते शेती करत, पण गुरांचा नाद सुटला नव्हता. त्यांच्यातले सेवादास म्हणजे मोठ्या कळपाचे धनी. पावसाळ्यात तांड्याच्या शेतांत पीक उभं राहिलं की त्यांच्या गाईंना रात्री बसायला जागा उरत नसे. एका सकाळी ते बरडावर आले, पागोटं सारखं केलं आणि गोट्यांवरच बसले.

"मथुराबाई, माह्या गावड्या तुमच्या बरडावर बसवतो. दूध माह्यं, शेण तुमचं."

"अन् पाटील तुमाले बोलला तं?"

"पाटील मले दूध देते काय?" सेवादास म्हणाले.

अशी सुरुवात झाली. बाभळीच्या काट्यांचं वाडगं केलं आणि त्यात त्यांच्या गाई, आमची पौशी, सगळी एकत्र बसू लागली. पहिल्या साली आम्ही वाडगं झोपडीजवळच ठेवलं. शेण हाताशी, पाणी हाताशी, मेहनत कमी. दिवाळीपर्यंत तिथे चिखलाचा नुसता रबडा झाला आणि कुसळंसुद्धा जळून गेली. सेवादास बघायला आले आणि पोट धरून हसले. म्हणाले, आमच्या आज्याने एका मुक्कामावर कधी दोनदा चूल मांडली नाही, आणि तुम्ही ढोरं पावसाळाभर एका जागी कोंडली. उठवा ते वाडगं.

मग उठवलं. काटे उचलायचे आणि पुढे सरकायचं. गुरं जिथे बसून उठली तिथे पुन्हा तोंड घालू द्यायचं नाही. गवत फुलून बी पडेपर्यंत राखायचं. राखायचं काम आत्याबाईंचं. त्या दगडावर काठी घेऊन बसत आणि पौशी जरी तिकडे वळली तरी तिला नावानिशी झापत. गोविंदा आणि मामाजी गोटे वेचून उताराला आडवे बांध घालत. नांगर त्या जमिनीला लावलाच नाही. गावात चेष्टा व्हायची. उकंड्या गोट्याले शेण चारून राह्यला, असं म्हणत. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आत्याबाई म्हणायच्या, "त्यायचं तोंड, आपलं गवत. आपण आपलं पाहू."

आणि गवत आलं, पण त्याने आम्हाला चांगली वाट पाहायला लावली. आधी बांधांच्या पोटाशी, जिथे माती अडून बसली होती तिथे, मारवेल गवताच्या जाळ्या दिसल्या. मग पवन्या गवत उतरलं आणि कुसळं मागे हटत टेकडीच्या माथ्याला गेली. उन्हाळ्यात गावची गुरं हाडाडली असायची तेव्हा आमच्या राखलेल्या पट्ट्यात कमरेएवढं वाळलेलं गवत उभं असे. पौशी व्यायली, पुन्हा व्यायली. जुन्या दोराची ती दावी एकामागून एक वासरांच्या गळ्यात गेली. तिचे गोऱ्हे बैल होऊन औताला लागले, तिच्या कालवडी गाई झाल्या. घाटंजीच्या बाजारात लोक गोविंदाला विचारत, कुठल्या रानात चारता? ते म्हणत, बरडावर. कुणाला पटत नसे. मला मात्र ते ऐकायला इतकं आवडायचं, की मी बाजाराला मुद्दाम सोबत जायची.

चौसष्ट साली दिवाळीनंतर पौशीला पान लागलं, म्हणजे साप चावला. सकाळी चरता चरता ती बांधाजवळ थबकली, नाकपुडीशी रक्ताचा थेंब, आणि सेवादास झाडपाला घेऊन येईपर्यंत खाली बसली ती उठलीच नाही. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती माझ्या माहेरची होती. त्या गावात माझ्या माहेरचं दुसरं काही नव्हतं.

बातमी गावात पोहोचायला वेळ लागला नाही. दुपार व्हायच्या आत बाबाराव पाटील चार माणसं घेऊन नाल्याच्या काठावर येऊन उभे राहिले. शोक करायला आले नव्हते. त्यांना बघायचं होतं, की आता उकंडा काय करतो.

कात्रीत सापडलो होतो आम्ही. पौशीच्या पायाला दोर बांधून ओढली, तर पाटील म्हणणार, स्वतःचं ओढतोस तर गावाचं कोण ओढणार? आठ वर्षं धरून ठेवलेला शब्द तिथेच मोडला असता. नाही ओढली, तर माझ्या डोळ्यांसमोर गिधाडं उतरणार. वर आभाळात एक घिरट्या घालतच होतं.

"काहून रे उकंड्या," पाटील पलीकडून म्हणाले, "दोर सापडत नाई काय?"

मामाजी बांधावर पाठ फिरवून बसले. "मी मेल्या ढोराले हात लावणार नाई," एवढंच पुटपुटले. "आपलं असो का परायं." माझा संताप त्या घडीला पाटलावर जास्त होता की मामाजींवर, ते मला आजही सांगता येणार नाही.

आत्याबाई झोपडीत गेल्या. बाहेर आल्या त्या पहार घेऊन. पौशीच्या पाठीशी, अगदी तिच्या कण्याला लागून, त्यांनी पदर खोचला आणि पहार उचलली.

"मथुरे, काय करून राह्यली?" मामाजी म्हणाले.

"तुमी ओढायचं नाई म्हनलं होतं. खनायचं नाई, असं कधी म्हनलं?" आत्याबाईंनी श्वास घेतला. "थे पडली तेथीच राहीन. दोर लागणार नाई, सुरी लागणार नाई. घरचं माणूस ठेवते तशी ठेवू."

आणि त्यांनी पहार मारली.

ठिणगीची सगळ्यांनाच सवय होती. मी तर डोळे मिटले होते. पण खण्ण असा आवाज आलाच नाही. धप्प आवाज झाला आणि पहार आत गेली. आत्याबाईंनी ती हलवून उपसली तर टोकाला काळी, ओलसर माती लागलेली, आणि मातीत गवताच्या मुळ्यांचं जाळं. बांधाने अडवलेली, शेणाने मुरलेली माती. तिच्याखाली मुरूम लागला, तोही सुटा, फावड्यात येणारा.

मामाजी वळून बघत होते. उठले, जवळ आले, त्या ढेकळाचा मुठीत चुरा केला आणि बराच वेळ हात तसाच धरला. मग आत्याबाईंच्या हातातून पहार घेतली. "सरक," म्हणाले. "तुह्यानं खोल जाणार नाई."

सेवादास तांड्यावरून आपली पहार आणि पोरं घेऊन आले. गोविंदा फावड्याने माती बाहेर काढत होते, मी टोपली उचलत होते. खड्डा पौशीच्या पाठीला लागून, तिच्या बाजूने उतरता खणला. पुरेसा खोल झाल्यावर सगळ्यांनी तिच्या कुशीला हात लावला आणि ती अलगद आपल्या कुशीवरच आत उतरली. हात लावणाऱ्यांत मामाजी सगळ्यात पुढे होते. माती लोटण्याआधी आत्याबाईंनी तिच्या तोंडाशी मारवेलाची पेंढी ठेवली.

मी नाल्याकडे बघितलं. पाटील अजून उभे होते. सोबतची माणसं केव्हाच निघून गेली होती.

त्या जागी पुढच्या पावसाळ्यात जे गवत आलं ते माझ्या छातीला लागत होतं. आत्याबाईंनी ते कापू दिलं नाही. सगळं बी पडू दिलं.

त्याच साली पोळा होऊन गेल्यावर बाबाराव पाटलांचा बैल खळ्यात मेला. त्यांच्या दावणीतला सगळ्यात देखणा बैल तो. आता हाक येणार, आणि या वेळी दमदाटीही होणार, असं धरून गोविंदा अंगणात उभेच राहिले. हाक आली नाही. पाटील स्वतः आले. एकटे, बरड चढून, घामाघूम, आणि काट्याच्या फाटकाशी थांबले.

"उकंडाजी," ते म्हणाले.

आमच्या घराने त्यांच्या तोंडून हा 'जी' पहिल्यांदा ऐकला. मामाजी गवत कापत होते, त्यांनी विळा खाली ठेवला.

"बैल गेला माहा," पाटील म्हणाले. "ओढून न्यायचं मन होत नाई. तुमी तुमच्या गाईले ठेवलं, तसा खड्डा..."

मामाजींनी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई आत गेल्या, पहार आणली आणि पाटलांच्या हाती दिली.

"पाठीकडून खना," मामाजी म्हणाले. "त्याच्या बाजूनं उतरता ठेवा, म्हंजे दोर लागत नाई. अन् पाटील, पहार आमची, हात तुमचे."

पाटलांनी मान हलवली. मी भिंतीआडून सगळं ऐकत होते; हातातल्या रवीचं भान सुटलं आणि लोणी वितळायला लागलं.

दुसऱ्या दिवशी ते पहार परत द्यायला आले. धुऊन, पुसून आणली होती. देताना त्यांचे तळवे दिसले. फोड फुटून लाल झाले होते. पाटलाने आणि त्याच्या पोरांनी स्वतः खणलं होतं, माणूस लावला नव्हता. आत्याबाईंनी ते हात नीट पाहून घेतले.

"इंदे, पाटलाले ताक दे."

मी पेला भरला आणि नेऊन समोर धरला. या गावात आमच्या घरचं पाणी कुणी पाटील प्यायला नव्हता. पाटलांनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पेला हातात घेतला, ओठाला लावला आणि सगळा पिऊन टाकला.

"ताक गोड हाये," ते म्हणाले.

"पौशीच्या लेकीचं हाये," आत्याबाई म्हणाल्या. "गवत गोड हाये आमचं."