मागची सीट

"जगात मोटारी दोनच झाल्या. बाकी सगळे चाकं लावलेले डबे," असं ड्रायव्हरकाकांनी जाहीर केलं आणि पुन्हा आपल्या सायकलच्या चाकात हवा भरू लागले. पंप फुसफुसत होता, चाक जसंच्या तसं बसलेलं होतं.

त्या दोन्ही मोटारी समोर शेडमध्ये उभ्या होत्या. जपानी, काळ्याभोर, वयस्कर. एक टोयोटा सेंचुरी, एक निस्सान प्रेसिडेंट. साहेब गेल्यावर दोन-दोन सांभाळणं बाईंना झेपेना. जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ त्यातली एक न्यायला तयार होते. कुठली, ते आज संध्याकाळी सांगायचं होतं. बाईंनी ते काकांवर सोपवलं, कारण उभी हयात दोन्ही त्यांनीच चालवल्या होत्या.

काकांचा कौल ठरलेला. ठेवायची ती प्रेसिडेंट. तिचं स्टिअरिंग दोन बोटांत खेळतं, वळणावर रस्ता तळहाताला कळतो. ती चालवणाऱ्याची गाडी. सेंचुरी थोरच, त्यात वाद नाही. सीटना लोकरीचं कापड, कारण कातडं कुरकुरतं. इंजिन चालू आहे का, हे काटा बघून ठरवावं लागतं. पण ती बसणाऱ्याची गाडी.

"मग मागे बसून सांगा," बाई म्हणाल्या.

मागचं दार काकांनी जन्मभर उघडलं होतं, पण दुसऱ्यांसाठी. चालवणार कोण, हे विचारेपर्यंत बाई पुढे बसल्यासुद्धा. गाडी त्यांना काकांनीच शिकवलेली, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

काका पाहुण्यासारखे अर्ध्या सीटवर टेकले. सेंचुरी निघाली ती कळलीच नाही. झाडं मागे सरकू लागली म्हणून समजलं. चौकात एक स्कूटरवाला आडवा घुसला. बाईंचे ओठ हलले न हलले.

"जा बाबा, जा. तुझ्यावाचून राज्य अडलंय."

काका ताठ झाले. हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. पुढे एका ट्रकला बाई पुटपुटल्या, "रस्ता काय सासऱ्याने आंदण दिलाय?" हेही त्यांचंच.

"बाई, हे... मागे ऐकू यायचं?"

"शब्दन् शब्द. प्रेसिडेंटमध्ये इंजिन गात असायचं, तेव्हा काही निसटायचं. म्हणून तर हे म्हणायचे, सेंचुरी काढा, बाजारातून घ्या. शेवटी डॉक्टरकडे जातानासुद्धा. हसून हसून खोकला यायचा त्यांना."

मोकळा रस्ता सोडून गर्दीत शिरायला सांगणाऱ्या साहेबांना वाहतुकीतलं काही कळत नाही, अशी काकांनी इतकी वर्षं समजूत करून घेतली होती.

"प्रेसिडेंट देऊन टाका," मग ते म्हणाले. "फक्त त्या गृहस्थांना सांगा, नुसती झाकून ठेवू नका. वळणाच्या रस्त्याने न्या तिला."

बाईंनी आरशात बघून मान हलवली.

काकांनी बूट काढले. पुढच्या रिकाम्या सीटच्या पाठीत पाय लांब करायला झडप असते. ती उघडून त्यांनी पाय आत सरकवले. मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. लोकरीवर मान टेकली. हळू बोललं तरी ऐकू जातं, हे आता त्यांना ठाऊक होतं.

"बाई, सायकलच्या दुकानाशी जरा थांबवाल? पंपाचा वॉशर घ्यायचाय."