साउंडबारचं दुसरं भोक

थोरल्याने आजवर भिंतीला जे जे लावलं ते ते कधी ना कधी खाली आलं होतं. घड्याळ आलं, आरसा आला, पुस्तकांची फळी तर पुस्तकांसकट आली. तरी पाहुणे आले की तो भिंतीकडे हात करून म्हणे, "हे सगळं मीच लावलंय," आणि स्वयंपाकघरातून बायको म्हणे, "दोनदा."

कल्ले पांढरे झाले तरी घरच्यांना, नातेवाइकांना तो थोरलाच होता. धाकटा दूरच्या शहरात राहायचा आणि त्याची माया कुरियरने यायची. या खेपेला तिने साउंडबारचं, म्हणजे टीव्हीला जोडायच्या लांबट स्पीकरचं, रूप घेतलं होतं. खोका लांबलचक होता आणि आतली वस्तू त्याहून जेमतेम बोटभर आखूड, काळी, गुळगुळीत, एखाद्या जाड पट्टीसारखी. "बाबांना टीव्ही नीट ऐकू येईल," असा धाकट्याचा निरोप होता. "संध्याकाळी व्हिडिओ कॉल करतो, भिंतीवर लावलेला दाखव."

अडचण खरी होती. आताचे टीव्ही इतके चपटे झालेत की आवाजाला पुढून निघायला जागाच नाही. तो मागून निघतो आणि जे सांगायचं ते भिंतीला सांगतो. बाबा समोर बसत, कानातल्या मशीनशी खटपट करत आणि म्हणत, "नुसती तोंडं हलतायत यांची." पुढे पुढे ते समोर बसेनासे झाले. जेवण झालं की खोलीत जात आणि आतून कडी लावून घेत. थोरल्याने याची नोंद 'वय झालं' या सदरात केली. त्या सदरात बरंच काही मावतं.

"कंपनीचा माणूस पुढच्या आठवड्यात येतोच आहे," बायको म्हणाली.

"कंपनीचा माणूस काय वेगळं करणार? कागद चिकटवायचा, खुणेवर भोक पाडायचं, गिट्टी ठोकायची, स्क्रू पिळायचा."

"फळीच्या वेळी हेच चार शब्द ऐकले होते मी."

"फळीला ड्रिल बरोबर नव्हतं."

बरोबर असलेलं ड्रिल साडूकडून आलं होतं. साडू कुठलीही वस्तू उसनी देताना आपल्या अक्कलहुशारीची एक गोष्ट सोबत फुकट देई. "सगळ्यात लांब बिट देतोय," तो म्हणाला होता. "छोट्या बिटाने छोटी माणसं कामं करतात." थोरल्याला हे पटलं. बिट, म्हणजे भोक पाडणारी पुढची सळई, किती आत जाऊ द्यायची त्याची खूण म्हणून त्यावर चिकटपट्टी गुंडाळतात, हेही साडू बोलला असावा, पण तेव्हा थोरला मशीन हातात घेऊन कसं दिसतं ते पाहत होता.

दुपारची जेवणं झाली. बाबांच्या खोलीची कडी वाजली. थोरल्याने टीव्हीच्या खाली खुणांचा कागद चिकटवला, पाणसळ धरून तो सरळ आहे याची खात्री केली आणि मशीन सुरू केलं. पहिलं भोक लोण्यात सुरी जावी तसं पडलं. लाल भुगा कागदावरून ओघळला आणि थोरल्याने बायकोकडे असं पाहिलं की ती काही न बोलता आत निघून गेली. एवढ्या वर्षांत तिला निरुत्तर करण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

दुसऱ्या भोकाला भिंत अडून बसली. बिट थोडं आत गेलं आणि नुसतं किंचाळू लागलं. मध्ये काहीतरी टणक होतं. थोरल्याने दोन्ही हात लावले, पाय मागे रोवले आणि आपलं वाढलेलं वजन पहिल्यांदाच कारणी लावलं. भिंत क्षणभर थरथरली आणि एकदम अडवणारं काहीच राहिलं नाही. बिट मुठीपर्यंत आत गेलं, थोरल्याचं कपाळ भिंतीवर आपटलं आणि घाईत मशीन बंद करायचं सोडून त्याने ते अजून जोरात दाबलं. आत, पलीकडे, बिट कशात तरी भरभर फिरत होतं. कशात तरी मऊ.

त्याने बटण सोडलं.

बिट हळूहळू बाहेर ओढलं तेव्हा त्याच्या टोकाला लाल भुगा होता आणि त्यात गुंडाळलेलं काहीतरी पांढरं. चिमटीत धरून पाहिलं. बारीक, मऊ, पांढरं.

"काय झालं?" बायको दारात आली होती.

"काही नाही. आरपार गेलं बहुतेक."

"कुठे आरपार?"

थोरल्याने भिंतीकडे पाहिलं. पलीकडे बाबांची खोली होती. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. तो याच घरात राहत होता. पण हॉलची भिंत ही हॉलची भिंत आणि खोलीची भिंत ही खोलीची भिंत, या दोघी एकच आहेत असा विचार करायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

"अहो," बायकोचा आवाज बदलला, "बाबा तिथेच टेकून बसतात."

"कुठे?"

"तिथेच! भिंतीला डोकं लावून. टीव्ही चालू असला की आवाज भिंतीतून येतो म्हणतात. समोरून नाही कळत, मागून कळतं. रोज बातम्या तसेच ऐकतात ते."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी विचारलंत?"

थोरल्याने चिमूट पुढे केली. "हे बघ. काय आहे हे?"

बायकोने पाहिलं, पण हात लावला नाही. "कापूस आहे. उशीतला."

"बाबांचे केसही असेच आहेत."



"बाबा!" त्याने भिंतीला तोंड लावून हाक मारली. मग भोकालाच ओठ लावून मारली. तोंडात विटेचा भुगा गेला. पलीकडून काहीच आलं नाही. अर्थात येणार नव्हतंच. बाबा आडवे होताना कानातलं मशीन काढून ठेवत, आणि ते काढलं की दाराशी बँड वाजला तरी त्यांच्या लेखी शांतताच. म्हणजे बाबा ठीक असते तरी ओ आली नसती आणि ठीक नसते तरी आली नसती.

"फोन लावा त्यांना. थरथरला की कळतं."

फोन लावला. तो हॉलमध्येच, टीव्हीशेजारी चार्जिंगला होता आणि इमानदारीत तिथेच थरथरला.

थोरल्याने मोबाइलचा टॉर्च भोकाला लावला. टॉर्च लावला की डोळा लावता येईना, डोळा लावला की टॉर्च लावता येईना. शेवटी नुसता डोळा लावला. आत अंधार. दुपारी बाबा पडदे ओढून घेत. मग तो श्वास धरून, कान देऊन ऐकत राहिला. घोरणं नाही, खोकला नाही, खाट करकरणं नाही. बाबा झोपेत घोरत. सगळ्या मजल्याला माहीत होतं ते.

"घोरत नाहीयेत," तो म्हणाला.

"मग जागे असतील."

"जागे असतील तर बिट पाहिलं नसतं? काही बोलले नसते?"

त्याच्या डोक्यात नको ते सगळं एकदम बोलू लागलं. भेटायला येणारे लोक. 'कशाने गेले?' 'साउंडबार लावताना.' 'म्हणजे? ते लावत होते?' 'नाही, थोरला लावत होता.' मग थोडा वेळ सगळे खाली मान घालून बसतील, आणि त्यातल्या एकाला, बहुतेक साडूलाच, हसू आवरणार नाही. आणि संध्याकाळी धाकट्याचा कॉल. 'दाखव ना, लावलास का?' थोरल्याचा हात आपोआप बिट पुसायला पायजम्याकडे गेला, आणि हत्यार पुसणारी माणसं बातम्यांत कोण असतात हे आठवून तसाच थांबला.

दार वाजवण्यात अर्थ नव्हता, तरी दोघांनी ते वाजवलं. तळव्यांनी, मुठींनी, मग बायकोने लाटण्याने. आत हालचाल झाली का? एकदा काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. "ऐकलंस?" "नाही." "मला वाटलं." "मला नाही वाटलं." खाटेवरून काही घसरून पडलं तर तसाच आवाज येईल, हे दोघांच्याही मनात आलं आणि दोघांनीही ते मनातच ठेवलं.

"कडीच ड्रिलने पाडतो," थोरला मशीन घेऊन आला.

"पुन्हा ड्रिल? पलीकडे कोण आहे ते कळलंय ना आता तरी?"

हे ऐकून त्याने मशीन इतक्या घाईने मागे ओढलं की बटण दाबलं जाऊन ते घुर्र करून गेलं. मग त्याने एका हातात ते तसंच धरलं आणि खांद्याने दार ढकललं. दुसऱ्या ढकलीला कडीचे स्क्रू लाकडातून निघून आले. कडी त्यानेच बसवली होती. आपल्या हातच्या कामाचे त्याने त्या क्षणी मनापासून आभार मानले.

खाट रिकामी होती.

उशी जमिनीवर पडली होती आणि तिच्या पोटातून कापूस बाहेर आला होता. भिंतीवर, डोकं टेकून टेकून पडलेल्या तेलकट डागाच्या अगदी कडेला, एक गोल भोक. पलंगपोसावर लाल भुगा. कानातलं मशीन स्टुलावर, त्याच्यावरही भुगा.

आणि कपाट व खिडकी यांच्या मधल्या कोपऱ्यात बाबा उभे होते. अंगावर चादर लपेटलेली आणि दोन्ही हातांनी काठी डोक्याच्या वर उचललेली.

"बाबा!" थोरल्याला इतकं हायसं वाटलं की तो हसलाच. हसत, हातात ड्रिल घेऊन, विटेच्या भुग्याने लाल झालेल्या तोंडाने तो दोन पावलं पुढे आला. बाबांनी काठी आणखी उंच केली आणि पाठ भिंतीत रुतवली.

"माझं काही चुकलं असेल तर बोलून दाखव ना," ते म्हणाले. ऐकू येत नसलं की ते मोठ्याने बोलत. आता मात्र पुटपुटत होते. "असं काय करतोस?"

थोरला थांबला. खुणांनी सांगावं म्हणून त्याने भिंतीकडे बोट केलं, मग ड्रिलकडे, मग बाबांकडे, 'तुमच्यासाठी' अशा अर्थाने. बाबा कोपऱ्यात आणखी आत सरकले. त्याने घाईघाईने ड्रिल खाली ठेवलं आणि दोन्ही हात लांब करून साउंडबारची लांबी दाखवली. बाबा त्या लांबीकडे बघत राहिले. माणसाची लांबी मोजत असल्यासारखं ते दिसतंय, हे थोरल्याला जरा उशिरा कळलं आणि त्याने हात खाली घेतले.

"तुम्ही सरका बाजूला," बायको म्हणाली. तिने स्टुलावरचं मशीन उचललं, पदराने पुसलं, फुंकर मारली आणि काठीखालून वाकून बाबांच्या कानात बसवलं. तिला त्यांनी जवळ येऊ दिलं.

"बाबा, साउंडबार!" थोरला ओरडला. "टीव्हीचा! धाकट्याने पाठवलाय! तुम्हाला ऐकू यावं म्हणून!"

"ओरडू नकोस. येतंय ऐकू."

"चुकून झालं हो. बिट लांब होतं. कुठे लागलं नाही ना?"

बाबांनी काठी खाली आणली, पण सोडली नाही. कानामागे हात नेऊन पाहिला, बोटांकडे पाहिलं. रक्त नव्हतं. कानाच्या मागचे थोडे केस मात्र तुटले होते.

"भिंत ओरडायला लागली तेव्हाच मी हाका मारल्या," ते म्हणाले. "तुझं नाव घेऊन मारल्या. थांब, थांब म्हणालो. मग ते कानाशी बाहेर आलं. मी सरकलो तर उशीत शिरलं."

"मशीनच्या आवाजात ऐकू नाही आलं, बाबा."

"हो. तसं होतं खरं." त्यांनी मान हलवली. ऐकू न येण्याची बाजू त्यांना ठाऊक होती. "मग बंद झालं. मग भोकातून उजेड आला, आणि गेला. म्हटलं, डोळा लावून बघतोय कुणीतरी. राहिलोय का गेलोय ते. मग गप्प बसलो. दार हलायला लागलं तरी गप्प बसलो."

"पण मी होतो ना, बाबा! मीच होतो बघत!"

"ते कळलं मला," बाबा म्हणाले.

संध्याकाळी धाकट्याचा कॉल आला तेव्हा साउंडबार टीव्हीपुढे मेजावर ठेवलेला होता. "छान दिसतोय की!" धाकटा म्हणाला. "बाबांना ऐकू येतंय का नीट?" बायकोने फोन बाबांकडे नेला. बाबा "येतंय, येतंय" म्हणाले आणि तब्येत, हवा, मुलांच्या परीक्षा यांवर बोलले. दुपारचं त्यांनी काहीही सांगितलं नाही. थोरला पलीकडच्या खुर्चीत कान टवकारून बसला होता. सांगितलं असतं तर बरं, असं त्याला शेवटी शेवटी वाटू लागलं.

फोन ठेवल्यावर बाबांनी त्याला हाक मारली.

"कडी बसवून दे."

"उद्या सुताराला बोलावतो."

"आत्ता बसव. मोठी बसव. स्क्रू लांब घाल."

थोरला हार्डवेअरच्या दुकानात जाऊन लोखंडी जाड कडी घेऊन आला. ड्रिलला हात न लावता त्याने साध्या पेचकसाने, घामाघूम होत, एकेक स्क्रू पिळला. बाबा सबंध वेळ त्याच्याकडे तोंड करून उभे होते. स्क्रू खाली पडला तेव्हा उचलायला ते वाकले नाहीत. काम झाल्यावर म्हणाले, "आता बाहेर जा आणि ढकल."

आतून कडी सरकली. थोरल्याने दार ढकललं.

"जोरात."

त्याने खांदा लावला.

"दुपारी ढकललंस तसं ढकल."

त्याने तसं ढकललं. दार जागचं हललं नाही. आतून बाबा "हं" म्हणाले. थोड्या वेळाने आत फरशीवर काहीतरी जड घासायला लागलं. थांबलं. दम खाल्ल्याचा आवाज. पुन्हा घासलं. बाबा एकटेच खाट ओढत होते, टीव्हीच्या भिंतीपासून लांब, समोरच्या भिंतीकडे. तिथून त्यांना भिंतीतल्या बातम्या ऐकू येणार नव्हत्या.

त्यांच्या वयाला खाट ओढणं बरं नव्हे. आत जाऊन हात लावायला हवा होता. थोरला दारापाशी उभा राहिला, दार वाजवायला मूठ वर केली, आणि खाट पलीकडच्या भिंतीला टेकल्याचा आवाज येईपर्यंत ती तशीच वर धरून राहिला.