सेहेचाळीस किलोची गोणी

विमानात माझ्या जागी कांद्याची गोणी बसली होती आणि मला तिचा जराही राग नव्हता. उलट ती मीच भरली होती. काट्यावर पन्नासची गोणी ठेवली आणि माझ्याएवढं वजन होईपर्यंत एकेक कांदा काढत गेले. सेहेचाळीस किलो! मग तिला मागच्या सीटवर बसवून बेल्ट लावला.

शेजारचे गेणभाऊ ट्रॅक्टरवरून म्हणाले, "इंदे, तुझी बहीण लई गुणाची हाय गं. एक शब्द बोलंना."

"बोलायला मी आहे ना भाऊ! पुढच्या खेपेला तिच्या जागी मी दिसते का नाही बघाच!"

असं उत्तर मी गेल्या वर्षी दिलं नसतं. गेल्या वर्षी वर्गात माझी हजेरीसुद्धा शेजारची रुपाली द्यायची, कारण माझा आवाज सरांपर्यंत पोचायचा नाही. मग अमृतकाकांनी एक वही माझ्या हातात दिली. विमान सुरू करण्याआधी तपासायच्या बावीस गोष्टी. "तू वाच, मी करतो," म्हणाले. इंजिनाच्या आवाजावरून ओरडून वाचायचं असतं ते. महिन्याभरात माझा गळा असा काही मोकळा झाला की आता सर म्हणतात, इंद्रायणी, जरा हळू.

काकांनी हवाई दलात वीस वर्षं विमानं दुरुस्त केली. मग निमगाव सावाला परत येऊन ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप टाकलं, आणि आमच्या रिकाम्या कांदाचाळीत चार वर्षं खपून हे विमान बांधलं. शिकण्यासाठीचं, दोन सीटचं. पुढं शिकवणारा, मागं शिकणारा, दोघांपुढं सारखाच दांडा आणि सारखेच पायडल. पहिली शिकणारी मी, हे काकांनी कबूल केलं होतं. काकीच्या समोर!

फक्त इंजिन आमचं नव्हतं. पुण्याच्या एका कंपनीनं ते चाचणीपुरतं दिलं होतं. त्या रविवारी सकाळी सातला कंपनीचे दोन साहेब माळावर आले. विमान नीट सरळ पळालं तर इंजिन आमच्याकडे राहणार आणि पुढच्या चाचण्या होणार. नाही पळालं तर इंजिन परत. उडायचं नव्हतंच, तेवढी परवानगीच नव्हती. मुरमाच्या पट्टीवर वेगाचा काटा साठवर येईपर्यंत पळवायचं आणि इंजिन कमी करायचं. बस.

समोर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसत होत्या. त्यांना त्रास नको म्हणून वायरलेस वापरायचा नाही, असं काकांनी आधीच ठरवलेलं. त्याऐवजी माझ्या हातात लाल झेंडा. काही चुकतंय वाटलं की हलवायचा.

मी बावीसच्या बावीस गोष्टी वाचल्या. नववी होती, 'वेगाच्या नळीचं टोपण काढणे.' डाव्या पंखाला पुढं बोटाएवढी नळी आहे. तिच्यात वारा शिरतो, त्यावरून विमानाचा वेग काट्यावर दिसतो. वैजयंतीकाकीनं शिवलेलं लाल टोपण मी काढलं, खिशात घातलं आणि ओरडले, "निघालं!"

त्यानंतर काकी ताट घेऊन आली. नवं वाहन आणि पूजा नाही, असं कसं चालेल? साहेबांनीसुद्धा बूट काढले. नारळ फुटला, विमानाच्या नाकाला हळदीकुंकू लागलं. हार मात्र काकांनी घालू दिला नाही, "पंख्यात अडकंल, वैजू." मी तेव्हा धाकट्या साहेबांना इंग्रजीतून गोणीचं वजन समजावत होते. आणि येत होतं हो मला! ते 'व्हेरी गुड, व्हेरी गुड' म्हणत होते.

मागून काकी म्हणाली, "इंदे, उदबत्ती कशात खोचू गं? केळं गेणभाऊंनी खाल्लं."

"अगं खोच की कुठंही!" मी मानसुद्धा वळवली नाही.

नंतर वळून एक फोटो मात्र काढला. काकीनं उदबत्ती काढून घेतली, आम्ही सगळे बाजूला झालो, इंजिन सुरू झालं. काकांनी अंगठा दाखवला, मी अंगठा दाखवला. विमान निघालं.

मी फोटो रुपालीला पाठवायला उघडला. उन्हात काही दिसेना म्हणून बोटांनी मोठा केला. पंख, पंखापुढं नळी, आणि नळीच्या तोंडात उभी उदबत्ती. छान धूर निघत होता.

काकीच्या ताटात पाहिलं. काडी अर्धीच होती.

मी पळाले. झेंडा हलवत, ओरडत पळाले. बावीस गोष्टी वाचून तयार झालेला तो सगळा आवाज मी लावला. पण काका पुढं बघत होते, मी मागं होते. मागं बघू शकली असती ती फक्त गोणी, तिला डोळे असते तर. विमान लांब लांब जात राहिलं. इंजिनाचा आवाज कमी व्हायला हवा होता तिथं तो वाढला.

मग चाकांखाली उजेड दिसला. हातभर. दोन हात.

गेणभाऊ आनंदानं ओरडले, "उडालं राव! उडालं!"

आवाज एकदम थांबला आणि विमान नाकावर आपटलं.

आम्ही पोचलो तेव्हा काका बाहेर येऊन बसले होते. डावं मनगट सुजलेलं. पुढचं चाक मोडलेलं, पंख्याचे तुकडे, आणि गोणी फाटून माळभर कांदे. "काटा इसाच्या वर सरकंना," काका म्हणाले. "मला वाटलं इंजिनच कमी पडतंय. म्हणून आणखी दिलं."

मोठे साहेब विमानाभोवती एक फेरी मारून म्हणाले, "नाक फार लवकर उचलतंय. डिझाइनमध्येच दोष दिसतोय."

मला इंग्रजीतला एकही शब्द आठवेना. मी मराठीतच सांगितलं. उदबत्ती, नळी, मी मान वळवली नाही, सगळं. नळीतून काडीचा तुकडा आणि राख काढून त्यांच्या हातावर ठेवली.

त्यांनी ती बघितली. "बाळ, चाकं फिरायच्या आधी नळी बघायचं काम पायलटचं असतं," ते म्हणाले. रागानं नाही, हळूच. म्हणजे मी खरं बोलले आणि दोष विमानावरून उठून काकांवर जाऊन बसला. ते मला परत घेता येईना.

"बरोबर हाय साहेब," काका म्हणाले. "पूजेनंतर मी फेरी मारायला पायजे व्हती."

"इंजिन न्यायला मंगळवारी गाडी पाठवतो."

साहेब गेले. काकी मघापासून लांब पट्टीच्या कडेला लोकांना खोबरं वाटत होती, सगळ्यांना सांगत होती, देवानं माणूस वाचवला. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैजूला सांगायचं नाय. उदबत्तीचं. कधीच."

विमान चाळीत न्यायचं तर पुढचं चाक नव्हतं. गेणभाऊंनी शेपटीला दोर बांधून ट्रॅक्टरला लावला. उलटं ओढायचं. पण नाक वर राहायला मागच्या सीटवर वजन हवं.

काकांनी कांद्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बस."

मी चढले. बेल्ट लावला. तोच बेल्ट, ओढावासुद्धा लागला नाही. ट्रॅक्टर निघाला आणि पट्टी माझ्यापासून पुढच्या बाजूला लांब जायला लागली. काका माझ्या ओढणीच्या झोळीत डावा हात घालून बाजूनं चालत होते. "पाय पायडलवर ठेव," ते म्हणाले. "डावा दाब. थोडासाच. दांडा सैल धर, मुठी आवळू नको." मी सैल धरला. डोळे पुसायला हात सोडता येत नव्हता.

वाटेत काकी पळत आली. चालत्या विमानात वाकून तिनं खोबऱ्याचा तुकडा माझ्या तोंडाशी धरला.

"बसलीस ना गं शेवटी!" ती म्हणाली.

मी तोंड उघडलं आणि तिनं तो भरवला.