'ब' वर्गाला न दाखवलेला डबा

मी फणसाच्या लाकडाचा डबा बोलतोय. नाक मुरडू नका; माझ्या पोटात गणित आहे, आणि ते सुतार विनोदने रंधा मारून गुळगुळीत केलेलं आहे. मोठे चौरस, लांब पट्ट्या, छोटे चौरस. नीट जुळवून आयत केला की बहुपदीचे अवयव समोर दिसतात.

मला घडवून घेतलं राजश्रीबाईंनी. दाभोळजवळच्या एका हायस्कुलात त्या गणित शिकवतात. नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्रात एम.ए. करत होत्या आणि त्यांच्या लघुप्रबंधाचा विषय मीच होतो. तेव्हा माझी मान जरा ताठच होती.

संशोधनाची रीत अशी, की नववी 'अ'ला माझ्यासह शिकवायचं आणि 'ब'ला नुसत्या खडू-फळ्यावर. शेवटी दोघांची एकच चाचणी. 'ब'ने मला पाहायचंसुद्धा नाही, नाहीतर निष्कर्ष बिघडतो. म्हणून तास संपला की मी कुलपात.

'ब'मधली सानवी एकदा दारात येऊन उभी राहिली.

"बाई, आमाला पन दाखवा ना. गणितात गेले तर बाबा शाला बंद करतील."

"चाचणी होऊ दे गो. मग पहिला तास तुमचाच," बाई म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या, हे मी शपथेवर सांगतो.

जानेवारीत चाचणी झाली. मग कोष्टकं आली, टंकलेखन आलं, मार्गदर्शकांच्या दुरुस्त्या आल्या. प्रबंध द्यायची तारीख डोक्यावर बसलेली. बाई रोज कपाट उघडायच्या, कागद घ्यायच्या, कपाट लावायच्या. मला तोंड असतं तर ओरडलो असतो. वार्षिक परीक्षा कधी आली नि गेली, कळलंही नाही.

सानवी गणितात नापास झाली.

निकालानंतरच्या रविवारी बाईंनी मला पिशवीत घातलं आणि तिचं घर गाठलं. तिची आई गोदूबाई ओटीवर सुकी मासळी निवडत होती. तिने बसायला पाट दिला.

"हिच्या बापाशीन दाखला काढलान, बाई. उद्या ममईला जायाची, चुलत्याची पोरा सांभालायला."

 बाईंनी मला जमिनीवर पालथं केलं. एक मोठा चौरस, पाच पट्ट्या, सहा छोटे चौरस. सानवीने दोनदा चुकीचं लावलं, तिसऱ्यांदा आयत जुळला. बोटाने बाजू मोजत तिने दोन्ही अवयव सांगितले, मग दुसरं उदाहरण स्वतःच मांडलं. सगळी मिळून दहा मिनिटं.

तिने वर पाहिलं.

"इतकाच व्हता, बाई?"

बाईंना हुंदका आवरेना. पोरीनेच उठून त्यांना पाणी दिलं. मला सोबत न्यायला ती नको म्हणाली. तिकडे काय करू, म्हणाली.

प्रबंधाला प्रथम श्रेणी मिळाली. शाळेत सत्कार झाला, त्या दिवशी बाईंनी कपाटाकडे पाहिलंही नाही. आता माझ्या पट्ट्या दमट हवेने वाकू लागल्या आहेत, आणि कुलूप मात्र ठणठणीत आहे.

गुरुजनहो, तुम्ही शिका, खूप शिका, पदव्या घ्या. वर्गाचे गट पाडा, कोष्टकं भरा. फक्त चाचणी संपेल त्याच दुपारी माझ्यासारख्याला उचलून दुसऱ्या वर्गात न्या. पोरं दारात एकदाच येऊन विचारतात.