हात मागे

"धरा हो घट्ट," सिस्टर म्हणाली, आणि उस्तादने लेकीचं मनगट धरलं. चिंगी किंचाळली, तिने पाय झाडले, त्याच्या अंगठ्याला चावलीसुद्धा. पण धरलेला हात तसूभर हलला नाही. सुई गेली, रक्त आलं, काम झालं. "असे वडील हवेत बाई," सिस्टर म्हणाली. खोटं कशाला बोला, उस्तादची छाती थोडी फुगलीच.

गॅरेजमध्ये त्याला उस्ताद म्हणत ते काही उगाच नाही. कितीही गंजलेला बोल्ट असो, त्याच्या हाती आला की सुटायचाच. लेकीच्या रक्ताच्या आजारापुढे मात्र त्याने हात टेकले होते. बायकोला सुई बघवत नसे, ती भिंतीकडे तोंड करून उभी राही. मग धरायचं काम तरी आपलं, असं त्याने ठरवून टाकलं. इथे त्याला जमण्यासारखं तेवढंच होतं.

त्या वॉर्डात एक बाई यायची. हातात साबणाच्या पाण्याची बाटली आणि तारेची कडी. मुलं तिला फुगेताई म्हणत. एकदा ती चिंगीच्या खाटेशी थांबली.

"दादा, धरण्याआधी मला थोडा वेळ द्या ना. सावकाश लांब फुंकर घातली की अंग सैल पडतं. भीती कमी होते, दुखणंही कमी जाणवतं. औषधं चालूच राहतील, हे आपलं जोडीला."

"अहो बाई, इथे माझ्या पोरीचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही फुगे उडवताय? सर्कस वाटली का ही?"

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. फुगेताईने बाटलीचं झाकण लावलं आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. चिंगी मान वळवून वळवून तिकडेच बघत होती. उस्तादला ते दिसलं होतं बरं का. पण माणूस एकदा हट्टाला पेटला की दिसून तरी काय उपयोग! पुढे सुया होतच राहिल्या, आणि तो धरतच राहिला.

एक दिवस तो गॅरेजमधून लवकर सुटला आणि नुसताच लेकीला भेटायला आला. त्याला दारात बघताच चिंगीने दोन्ही हात चादरीखाली ओढून घेतले.

"अगं, हात कुठे गेले? उंदराने पळवले की काय?"

चिंगी हसली नाही. "आज सुई आहे?"

"नाही गं राणी."

"मग तू कशाला आलास?"

"असं बोलतात का बाबाला!" बायको घाईघाईने म्हणाली, तसं त्याने तिला खुणेनेच गप्प केलं. पोरीचं चुकलं होतं कुठे?

फुगेताई त्याला जिन्यापाशी भेटली. "ताई, त्या दिवशी माझं तोंड सुटलं. ते फुंकरीचं... आमच्या चिंगीला जमेल का?"

"न जमायला काय झालं?" तिने एक टोमणासुद्धा मारला नाही. मारला असता तर बरं, असं त्याला वाटून गेलं.

पुढच्या सुईच्या वेळी चिंगीने आईला बजावलं, "बाबाला बाहेर थांबव." तो निमूट बाहेर गेला. दाराच्या काचेतून त्याला सगळं दिसत होतं. फुगेताईने शिकवल्याप्रमाणे चिंगी कडीतून सावकाश फुंकत होती. सिस्टरने सुई घातली. पोरीच्या कपाळाला आठी पडली, डोळ्यांत पाणी आलं, पण फुंकर तुटली नाही. आणि कोणी तिला धरलं नव्हतं. आपण एवढे दिवस लेकीला दुखवलं आणि वर त्याचीच मिजास मिरवली, या विचाराने त्याला रडू आलं. या आजारात पुढे किती दिवस मिळणार, हे तर डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते.

तो डोळे पुसून आत गेला.

"बाबा, तुला येतं का हे?" चिंगीने कडी पुढे केली. ती घ्यायला त्याने हात लांबवला, तशी कडी झटकन मागे गेली.

"अंहं. हात मागे."

गॅरेजमधून निघताना घासघासून धुतलेले दोन्ही हात उस्तादने पाठीमागे नेले आणि एकात एक अडकवले. मग तो वाकला आणि लेकीने धरलेल्या कडीत त्याने फुंकर घातली. फुगा पुरता फुगायच्या आतच फुटला.

"सावकाश रे," चिंगी म्हणाली आणि खुदकन हसली.

त्याने मान डोलावली आणि पुन्हा फुंकर घातली. हात मात्र पाठीमागेच होते.